घरच्यांनी नाकारलं, तरी घरच्यांनाच का सांगायचं?

धर्मांतराची बातमी आली की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. कोणत्या राज्याने कायदा आणला, कोणाला अटक झाली, पैसे दिले की नाही, संख्या किती वाढली. या गलक्यात एक साधा प्रश्न मागे राहतो. शेजारीपाजारी, कामाच्या ठिकाणी, अगदी लग्नाच्या पंगतीतही तो मला कितीदा तरी विचारला गेला आहे. "घरच्यांनी बोलणं टाकलं, भावाने उंबरा चढू दिला नाही, गावाने नावं ठेवली. तरी तो माणूस येशूचं सांगायला पुन्हा त्याच घरी का जातो? जगात दुसरी माणसं नाहीत का?"

मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. बहुतेक वाचकांच्या ओळखीत असा एखादाच माणूस असणार. त्याचं वागणं आतून कसं दिसतं, एवढंच सांगायचा हा प्रयत्न आहे.

## आधी तीन शब्द

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात: सुवार्ता, साक्ष आणि बाप्तिस्मा.

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागातल्या, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. बातमी म्हणजे घडलेली गोष्ट: येशू मेला, पुन्हा उठला, आणि त्यामुळे देवाकडे जायची वाट मोकळी झाली, असं ख्रिस्ती माणूस मानतो. आता बातमीचा स्वभाव बघा. मुलीचा दहावीचा निकाल लागला की पहिला फोन कोणाला जातो? पेढे आधी कोणाच्या घरी पोचतात? आपल्याच आईकडे, बहिणीकडे, मामाकडे. अनोळखी माणसाला आपण ती बातमी सांगतो, पण सर्वांत शेवटी. वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ज्याला ही गोष्ट खरोखर चांगली बातमी वाटते, त्याचे पाय आधी घराकडेच वळणार.

साक्ष हा कोर्टातला शब्द. साक्षीदाराने पाहिलं ते सांगायचं. निकाल देणं त्याचं काम नाही, आणि न्यायाधीशाने आपलं म्हणणं मानलंच पाहिजे असा हट्टही त्याला धरता येत नाही. ग्रीकमध्ये साक्षीदारासाठी जो शब्द होता, त्यालाच पुढे हुतात्मा हा अर्थ चिकटला. साक्ष देणाऱ्याला काय सोसावं लागलं, हे त्या एका शब्दाच्या प्रवासातून कळतं.

बाप्तिस्मा हा पाण्याने होणारा दीक्षाविधी. घरात बायबल वाचलं, येशूची प्रार्थना केली, तसबीर लावली, तर आपल्याकडे सहसा कोणाची हरकत नसते. देव्हाऱ्यात आणखी एकाला जागा होते. बाप्तिस्मा मात्र चारचौघांत होतो आणि तो एकाच धन्याशी बांधून घेतो. मुलाचं प्रेम घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण भांडण पेटतं ते लग्न लागल्यावर. तसंच हे.

## नकार नेमका कशाला असतो?

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मूल अज्ञान आहे म्हणून कोर्टाने ते त्यांच्या ताब्यात दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वाद तिथे मिटायला हवा होता, पण खरा वाद त्यानंतरच सुरू झाला, कारण श्रीपत मिशनऱ्यांकडे जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. येशूने काय शिकवलं हा त्या वादाचा विषयच नव्हता. विषय होता ताटाचा.

नकार समजून घ्यायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे धर्म हे डोक्यातलं खासगी मत कधीच नव्हतं. पंगत, सोयरीक, कुलदैवत, श्राद्धपक्ष, मेल्यावर खांदा कोण देणार, हे सगळं त्या एका शब्दात गुंफलेलं आहे. मुलाने बाप्तिस्मा घेतल्याचं कळताच आईच्या मनात येशूविषयी प्रश्न उभा राहत नाही. तिच्या पोटात खड्डा पडतो तो वेगळ्याच प्रश्नाने: माझ्यामागे माझं कोण करणार? वडिलांना धाकट्या मुलीच्या लग्नाची काळजी लागते. चुलत्याला गावकीत मान खाली घालावी लागेल असं वाटतं. हे सगळं खरं दुःख आहे. त्याला नुसतं 'छळ' असं नाव देऊन मोकळा होणारा ख्रिस्ती माणूस आपल्या आईलाच ओळखत नाही, असं मला वाटतं.

पण ही झाली लिहून ठेवलेल्या घरांची गोष्ट. अहिल्यानगर, जालना या भागांतले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आले. त्यांच्या पणजोबांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत, त्यामुळे त्यांचं सोसणं पुस्तकांत फारसं आलं नाही. गावाने त्यांना आधीच वेशीबाहेर ठेवलेलं होतं. बाप्तिस्म्यानंतर बलुत्यावर गदा यायची, भावकी दुरावायची, आणि जिथे नवी मंडळी जमायची तिथेही वरच्या जातीतून आलेला ख्रिस्ती माणूस कधी कधी हातभर लांब बसायचा. हा शेवटचा नकार सर्वांत लाजिरवाणा, आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरातला आहे. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली, ती मुख्यतः मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. ज्याला आपल्या पंगतीतून उठवलं, तो कधीच पंगतीत न बसवलेल्यांच्या शेजारी जाऊन बसला. 'आपली माणसं' या शब्दाचा अर्थ अशा वेळी बदलतो, रुंद होतो.

## एक कमी चाळीस

आता या गोष्टीच्या मुळाशी जाऊ. येशू नासरेथ गावात वाढला. पुढे तो त्याच गावच्या सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनेच्या जागेत, बोलायला उभा राहिला, तेव्हा सुरुवातीला लोकांना कौतुक वाटलं. मग कुजबुज सुरू झाली: हा तर आपला सुतार, मरियेचा मुलगा, याच्या बहिणी इथेच दिल्यात. शेवटी गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेलं. त्याच्या सख्ख्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि घरच्यांना तर एकदा वाटलं की याला वेड लागलं आहे. हे सगळं येशूच्याच अनुयायांनी लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही. त्या भावांपैकी याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचा, प्रमुख झाला आणि इसवी सन ६२ मध्ये विश्वासापायी मारला गेला. म्हणजे घरचा नकार ही ख्रिस्ती इतिहासात अधूनमधून येणारी अडचण नाही. पहिल्या पानापासून ती तिथेच आहे.

पण या विषयाचा खरा माणूस पौल. तो यहुदी, कडवा परूशी म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, आणि आधी ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात टाकणारा. येशूवर विश्वास ठेवल्यावर तो गावोगाव फिरला, आणि प्रत्येक गावात आधी यहुद्यांच्या सभास्थानात जायचा. तिथे काय व्हायचं ते करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने एका ओळीत सांगितलं आहे: यहुद्यांकडून त्याने पाच वेळा एक कमी चाळीस फटके खाल्ले. यहुद्यांच्या नियमशास्त्रात चाळीस फटक्यांची मर्यादा होती. मोजण्यात चूक होऊन मर्यादा ओलांडू नये, म्हणून एकोणचाळीसवर थांबत.

या ओळीपाशी मी नेहमी अडखळतो. ही शिक्षा सभास्थानाची होती, आपल्यातल्या चुकलेल्या माणसाला द्यायची. पौल जन्माने रोमी नागरिक होता. तो सरळ म्हणू शकला असता, "मी आता तुमच्यातला नाही, तुमचा कायदा मला लागू नाही," आणि पाठ वाचवून निघून जाऊ शकला असता. जातपंचायतीचा दंड तोच भरतो, ज्याला जातीत राहायचं असतं. पाच वेळा फटके खाणारा माणूस पाच वेळा सांगत होता की मी तुमचाच आहे.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते एवढंच. घरच्यांकडे परत जाणाऱ्याला वाद जिंकायची हौस असते असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर त्याला नातं सोडायचं नसतं. तुम्ही मला टाकलंत, पण मी तुम्हाला टाकलेलं नाही, हे सांगण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो.

रोमच्या मंडळीला लिहिताना, साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास, पौल हे उघडच बोलतो. माझ्या भाईबंदांसाठी माझ्या मनात अखंड वेदना आहे, आणि त्यांच्यासाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल, अशा अर्थाचं तो लिहितो. ज्या येशूसाठी मार खाल्ला, त्यालाच माझ्या लोकांपायी गमवायला तयार आहे, असं म्हणण्यापर्यंत त्याची मजल जाते.

पुढे तो कलमाचं उदाहरण देतो. कोकणात कलमं बांधणाऱ्याला ते उलटं वाटेल. आपण रायवळ खुंटावर हापूसची फांदी बांधतो. पौल सांगतो की देवाने लागवडीच्या जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) मुळावर रानटी फांदी बांधली. मूळ म्हणजे यहुदी लोक, रानटी फांदी म्हणजे बाहेरून आलेले बाकीचे आपण सगळे. आणि तो बजावतो: मूळच्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका, मूळ तुम्हाला उचलून धरतं, तुम्ही मुळाला नाही.

युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी ही ताकीद शतकानुशतकं धुडकावली. यहुद्यांना वेगळ्या वस्त्यांत कोंडलं, देशोधडीला लावलं, ठार मारलं. पौलाचेच शब्द घेतले आणि त्याचे अश्रू मागे ठेवले. आपल्या माणसांत राहून, मार खाऊन केलेली विनवणी ही एक गोष्ट. हातात सत्ता असताना परक्याने तेच शब्द उच्चारले की ती धमकी होते. मिशन आणि साम्राज्य यांच्या इतिहासाकडे बघतानाही मी हीच कसोटी लावतो: बोलणारा कोणाच्या बाजूला उभा आहे, आणि नकार आला तर किंमत कोण मोजणार आहे?

## टिळकांनी वाट बदलली, माणसं बदलली नाहीत

मराठीत याचं सर्वांत जिवंत उदाहरण नारायण वामन टिळकांचं. १८६१ चा जन्म, कोकणातलं चित्पावन घराणं, शीघ्रकवी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाईंना आधी काही सांगितलेलं नव्हतं. बातमी कळल्यावर त्या कोलमडून गेल्या. मूल लहान, नवरा जिवंत असून परका. नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्या वेगळ्या राहिल्या. इथे मी टिळकांची बाजू घेणार नाही. ज्या माणसाने पुढे हजारो लोकांना गोडव्याने समजावलं, त्याने घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला अंधारात ठेवलं. धर्म बदलण्याचा हक्क त्यांचा होता, पण लपवण्याने झालेली जखमही खरी होती.

कौतुक वाटतं ते पुढच्या वर्षांचं. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपलं सोवळं, आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. एका कुटुंबात दोन चुली राहिल्या. लक्ष्मीबाईंच्या मनातली पहिली गाठ सुटली ती जातीची. माणसाने माणसाच्या हातचं खाण्यात विटाळ कसला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या स्वतःशी सोडवला. बाप्तिस्मा नंतर आला, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. हे सगळं त्यांनीच 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितलं आहे, आणि नवऱ्याच्या चुका झाकल्याशिवाय सांगितलं आहे.

घराबाहेरच्या आपल्या माणसांसाठी टिळकांनी काय केलं? त्यांच्या लक्षात आलं की मराठी माणूस येशूला नाही म्हणतो तेव्हा अनेकदा तो कोट, टेबल-खुर्ची आणि इंग्रजी चालीच्या गाण्यांना नाही म्हणत असतो. मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. मिशनचं पगारी काम त्यांनी १९१७ मध्ये सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येशूभोवती बसता यावं अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांची भजनं आजही रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

पण सगळ्या घरांत असं झालं नाही. १८६६ मध्ये सरकारला वेगळा कायदा करावा लागला: ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या कारणावरून जोडीदाराने सोडलं, तर विवाह कसा मोडायचा यासाठी. मोडलेले संसार किती असतील, याची कल्पना त्या कायद्यावरूनच येते.

## "धर्म सोडला, मग आपली माणसं कसली?"

हा आक्षेप सर्वांत जुना. त्याचं उत्तर मी तत्त्वज्ञानातून देणार नाही. त्या लोकांनी पुढे कोणाचं दुःख वाहिलं ते बघावं.

बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. तीनच वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, जी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. विषय कोणता? हिंदू विधवांचे हाल. ज्या समाजाने त्यांना बाहेर काढलं, त्याच समाजातल्या बायकांचं रडणं त्यांच्या कानात होतं.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण अधिक अवघड आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईत, मग पुण्यात. तिथे ख्रिस्ती धर्म शिकवला जाणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांची बाजू मला समजते. तटस्थ शाळा म्हणून विश्वासाने पाठवलेली विधवा मुलगी, तिथे घेतला जाणारा श्वासही तटस्थ असावा असं त्यांना वाटणार. रमाबाईंची बाजूही समजते. स्वतःच्या खोलीत स्वतःची प्रार्थना, तीही दार लावून करायची का?

पुण्याने नाकारल्यावर त्या इंग्लंडला जाऊन राहिल्या नाहीत. केडगावला शेतात विहिरी खणल्या, दुष्काळातल्या अनाथ मुली आणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं एका कामात घातली: साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं भाषांतर. १९२२ मध्ये मरणापूर्वी ते पुरं झालं. भाषांतर मराठीतच का, तर ज्यांना ते द्यायचं ती माणसं मराठी होती.

## "नको म्हटल्यावर थांबत का नाही?"

थांबलं पाहिजे. यात मला काही शंका नाही.

दोन महिन्यांपूर्वी साखर सोडलेला माणूस आठवा. तो ज्या घरी जातो तिथे साखरेवर व्याख्यान देतो, चहाच्या कपाकडे बघून मान हलवतो. साखर वाईट असेलही, पण लोक त्यालाच टाळू लागतात. नव्याने विश्वासात आलेली तरुण मंडळी घरी नेमकं हेच करतात. आईच्या देव्हाऱ्याला नावं ठेवतात, गणपतीच्या आरतीला तोंड फिरवून उभी राहतात, आजीच्या वारीला हसतात. मग जो दुरावा येतो, त्याला 'येशूसाठी सोसणं' म्हणायचं? मला ते मान्य नाही. तो उर्मटपणाचा दंड आहे.

नव्या करारात याचे स्पष्ट दाखले आहेत. ज्या गावात स्वीकारत नाहीत तिथून पायाची धूळ झटकून निघा, असं येशूनेच शिष्यांना सांगितलं. येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना सल्ला आहे: शब्दावाचून, वागण्याने जिंका. कोणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे तोंड थांबवायचं, येणं-जाणं थांबवायचं नाही. वडील दवाखान्यात असताना रात्री उशाशी बसायचं. चुलत्याच्या दहाव्याला जायचं, विधी न करता, पण पाणी द्यायला, चपला सांभाळायला, माणसांना गाडीत बसवायला. वाटणीत भांडायचं नाही. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि कधी कधी काहीच बदलत नाही. तरीही माणूस दिवाळीला घरी जातो.

## "पैसे, औषधं, नोकरी देऊन बाटवतात त्याचं काय?"

जिथे हे घडतं तिथे ते चूकच आहे. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनने अन्न दिलं तेव्हा भुकेपोटी बाप्तिस्मा मागणारेही होते, आणि कोणाचा हेतू काय हे ओळखणं सोपं नव्हतं. साक्षीदाराला पैसे मिळाले की कोर्ट त्याची साक्ष फेकून देतं. विश्वासालाही तोच नियम लागतो.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. पूर्वीच्या महार-मांग कुटुंबातला मुलगा कागदावर ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा, अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षण, सगळं सुटतं. गावातली जात मात्र सुटत नाही. लोक त्याला आडनावावरून ओळखतातच. आमिषाची गोष्ट करताना हे नुकसानही त्याच वहीत मांडायला हवं.

## कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादांसह. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही यावर १९४८ मध्ये संविधान सभेत जोरदार चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा हक्क, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही. ओडिशा आणि मध्य प्रदेश यांनी साठच्या दशकात केलेले कायदे त्यामुळे टिकले.

गंमत म्हणजे साक्षीची व्याख्याही याच्या फार जवळ जाते. सांगणं माझं, ठरवणं ऐकणाऱ्याचं.

अडचण येते ती घराच्या आत. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि बेकायदा धर्मांतराची तक्रार आई-वडील, भाऊ-बहीण, नातेवाईक करू शकतात अशी तरतूद मुळातच होती. म्हणजे घरातलं भांडण पोलीस ठाण्यात जाण्याची वाट तयार झाली. एकीकडे फसवणुकीला आळा, दुसरीकडे सज्ञान माणसाच्या निर्णयावर भावकीचा पहारा. पहिलं हवंच. दुसऱ्याने मला अस्वस्थ होतं, आणि धर्म बदलणारा कोणत्याही दिशेने बदलत असता तरी झालं असतं.

हेही माहीत असलेलं बरं: हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जोडीदाराने धर्म बदलला तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. वडिलांच्या मिळकतीतला धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वाटा जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना, वारसा उघडतो तेव्हा ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातलगांकडून वारसा मिळत नाही. निर्णय एकाचा असतो आणि किंमत पुढची पिढीही भरते. कोणालाही घाईने बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाने हे आधी त्याला समजावून सांगितलं पाहिजे.

## भाड्याचं घर

पौलाचं पुढे काय झालं? यरुशलेमच्या मंदिरात जमावाने त्याला मारायला घेतलं, रोमी शिपायांनी सोडवलं, वर्षानुवर्षं कैद झाली, आणि शेवटी बादशहापुढे सुनावणीसाठी त्याला रोमला पाठवलं. वाटेत जहाज फुटलं. रोमला पोचल्यावर पहाऱ्याच्या शिपायाबरोबर वेगळं राहायची परवानगी मिळाली.

तिसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवून शहरातल्या प्रमुख यहुद्यांना बोलावलं. त्यांच्यापुढे त्याने आपली कैफियत मांडली आणि सांगितलं की माझ्या लोकांवर आरोप करण्यासाठी मी बादशहाकडे आलेलो नाही. मग एक दिवस ठरला, पुष्कळ जण आले, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहिला. काहींना पटलं, काहींना पटलं नाही. आपसांत मतभेद घेऊन ते उठले. जाताना पौल त्यांना कठोर बोलला, आता ही बातमी इतरांकडे जाईल असंही म्हणाला.

त्यानंतर दोन वर्षं तो त्याच भाड्याच्या घरात राहिला. जो कोणी भेटायला येई, त्या प्रत्येकाला तो आत घेई.